लाल फडक्यातलं पारायण

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप कडूबादादास,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे इंद्रजीतचा, वाकून नमस्कार. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? अद्रक काढून झालं का? तांबडी गाय व्याली का, आणि व्याली असेल तर चीक कुणी खाल्ला? इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. (हे 'मजेत' सवयीनं लिहून गेलो. खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देतो.)

फोन करायचा सोडून पत्र कशाला, म्हणशील. तर दादा, तू फोन स्पीकरवर टाकून बांधावर ठेवतोस आणि आपण दोघं बोलत असताना फुलंब्रीच्या अलीकडची अर्धी वस्ती मधूनमधून हुंकार भरते. मागं मला मूळव्याध झाली तेव्हा औषध सांगायला सात जणांचे फोन आले होते. ही गोष्ट तशी सांगण्यासारखी नाही. पत्र दूधवाल्या सांडूबरोबर पाठवतोय. विम्याचे कागद आहेत म्हणून सांगितलंय, म्हणजे तो उघडून बघायच्या फंदात पडणार नाही.

दिवाळीपासून माझं काहीतरी विचित्रच चाललंय. सकाळी डबा घेऊन मी नाक्यावर उभा राहायचो. वाळूजला नेणारी कंपनीची बस यायची, ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आणि मी नुसता बघत राहायचो. वाटायचं, ही दुसऱ्याच कुणाला तरी न्यायला आली आहे. एकदा तर मी त्याला हात करून पुढच्या बसनं येतो म्हणालो. (पुढची बस नाहीच. तोही बिचारा बरं म्हणून निघून गेला.) मग रस्ता शांत व्हायचा आणि समोर लांबवर दौलताबादचा किल्ला दिसायचा. या दिवसांत धुक्यानं त्याचा पायथा दिसत नाही, नुसता माथा हवेत तरंगत असतो. तासन् तास बघितलं तरी कंटाळा येत नाही. मधेच वाटायचं, आपण पण तिथंच कुठंतरी वर बसलोय आणि इथं नाक्यावर नुसता आपला डबा उभा आहे. दुःख म्हणशील तर काहीच नाही. घर आहे, नोकरी आहे (सध्या रजेवर), विशाखाशी भांडण नाही. भांडायला पण हुरूप लागतो रे. जेवण गोड लागत नाही, शर्टाची गुंडी लावायला घेतली की दुसऱ्या गुंडीपाशी हात थांबतो.

शेवटी एक दिवस औरंगपुऱ्यात जाऊन मन सुधारायची तीन पुस्तकं आणली. भाचीसाठी पाहिजेत, असं दुकानदाराला न विचारताच सांगून टाकलं. तो पुडकं बांधता बांधता म्हणाला, "सब लोगां किसी और के वास्ते-च ले जाते, साहब."

पहिल्या पुस्तकात रोज आरशात बघून दोन मिनिटं हसा, असं होतं. विशाखानं ते दारातून बघितलं आणि लवंगेचं तेल आणून दिलं. दाढ दुखते म्हणून चार दिवस मला मऊ भात मिळाला. दुसऱ्यात होतं, रोज पाच जणांचे मनापासून आभार माना. मी साहेबांना फोन करून म्हणालो, तुम्ही आजवर लई सांभाळून घेतलं, आभारी आहे. त्यांना वाटलं मी राजीनामा देतोय, त्यांनी लगेच माझ्या जागी माणूस बघायला घेतला. घरी आईला म्हणालो, आई, भाकरीबद्दल धन्यवाद. तिच्या हातातला उलथना खाली पडला. मला काहीतरी मोठा आजार निघालाय आणि मी निरोप घेतोय, असं समजून ती तासभर रडली. तिची समजूत घालता घालता उरलेल्या तिघांचे आभार राहूनच गेले.

तिसरं पुस्तक मात्र बरं निघालं. कुणा डॉक्टरनं लिहिलंय. एकवीस प्रकरणं, रोज पहाटे एकाच जागी बसून एक वाचायचं. अडचण मुखपृष्ठाची. डोकं धरून बसलेला एक माणूस, आणि वर नाव इतक्या ठळक अक्षरांत की चार घरांपलीकडून वाचता यावं. आईच्या नजरेला पडू नये म्हणून देवघरातलं पोथी बांधायचं लाल फडकं घेतलं आणि पुस्तकाला गुंडाळलं. इथंच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर माझ्या जागेवर पाट मांडलेला, समोर चौरंग, समई, झेंडूचं फूल. आईनं हात जोडून विचारलं, कोणत्या महाराजांची पोथी? मी म्हणालो, फार शिकलेले महाराज आहेत. झालं! तिसऱ्या दिवशी शेजारच्या रत्नमालाकाकू येऊन बसल्या, पाचव्या दिवशी सहा बायका. आणि मनातल्या मनात वाचलेलं पारायण चालत नाही म्हणे, मोठ्यानं वाचा.

मग काय, वाचू लागलो. झोपेच्या प्रकरणात संध्याकाळी सातनंतर चहा नको असं होतं. सगळ्याजणींनी तो नेमच धरला आणि गल्लीतले सहा नवरे माझ्याकडं खुन्नसनं बघायला लागले. रोज अर्धा तास उन्हात चाला असं निघालं, तर तो सगळा घोळका मला पुढं घालून छावणीच्या रस्त्यानं चालायला लागला. मधे एका पानावर नुसताच आलेख होता, तो मी चालीत म्हणून दाखवला. (हसू नकोस. काकूंनी फूल वाहिलं.)

पण दादा, त्या पहाटा मला फार आवडायला लागल्या. समईचा उजेड, बायकांच्या डोक्यावरचे पदर, खिडकीत तो बिनपायाचा किल्ला, आणि माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा कानावर यायचा. आपण सगळे पाण्याखाली बसलोय आणि तरी कुणाचा श्वास कोंडत नाही, असं वाटायचं. नवव्या दिवशी त्यात आलं, डोळे मिटा आणि कशातच मन लागत नव्हतं असे दिवस आठवा. मला वाटलं आता सगळ्या उठून जातील. कुणी हललं नाही. मग आई डोळे न उघडताच बोलली. अण्णा गेले त्या साली तिला वर्षभर चूल पेटवावी वाटत नव्हती. लोक म्हणाले बाहेरचं आहे, अंगारे लावले, धुपारे केले. पण बाई तुला काय होतंय, असं कुणी विचारलं नाही. मी तेव्हा दहावीला होतो. मला वाटायचं, आई आळशी झाली. तुला खरं सांगतो, त्या दिवशी पुढचं पान मला दिसलंच नाही. काकूंनी पाणी आणून दिलं.

आता येत्या गुरुवारी समाप्ती आहे. पुरणाचा स्वयंपाक, सहा बायकांचे सहा नवरे, आणि तुम्ही सगळ्यांनी यायलाच पाहिजे असं आईनं निक्षून सांगितलंय. वहिनींना घेऊन ये. अद्रक जमलं तर आण.

तुझा,
इंद्रजीत

ता. क. समाप्तीचं वर लिहिलं खरं, पण एकविसावं प्रकरण मी बायकांपुढं वाचलेलंच नाही. विसावं पाच दिवस झाले परत परत वाचतोय. बायकांना वाटतं तसा विधीच आहे. एकविसाव्यात एवढंच लिहिलंय की आता हे पुस्तक मिटा, मनाच्या डॉक्टरकडं जा, आणि एकटे जाऊ नका, आपलं माणूस सोबत न्या. ते मोठ्यानं वाचायला माझी जीभ उचलत नाही.

दुसरा ता. क. आईला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी अंघोळीला गेलो की ती फडकं सोडून वाचायची, चौथी शिकलेली आहे ती. काल म्हणाली, पोथी चांगली आहे, पण शेवटचा अध्याय तू चुकवतोस. विशाखानं लगेच जालना रोडच्या एका दवाखान्यात बुधवारी अकराचा नंबर लावून टाकला. दादा, तू येशील का सोबत? विशाखा आली तर मी तिच्यासाठी हसत बसेन, आई आली तर तिची समजूत घालत बसेन. तू शेजारी बसलास की काही बोलत नाहीस. मला तसंच माणूस पाहिजे. मला भीती वाटते रे. नाही जमलं तरी राग नाही. (हे पण सवयीनं लिहिलं. राग येईल.)

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

कडूबास आशीर्वाद. इंदर खळ आणायला गेलाय तवर म्या वाचून घेतलं. पाकीट मीच चिकटवते. बुधवारची वाट बघू नको, मंगळवारीच मुक्कामाला ये. नंबर एक नाय, दोन लावलेत. दुसरा माझा हाय. त्याला तिथं गेल्यावर कळू दे.