सेकंदाच्या पुढचे तीन आकडे

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा फोटो काढणे, शिक्षण नववी नापास, लिहून ठेवतो की माझे डोके ताळ्यावर आहे, माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही, आणि जे काही दुखते आहे ते फक्त पोटाच्या उजव्या बाजूला. उद्या सकाळी माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. पण त्यांनी माझी सही आधीच घेऊन ठेवली, म्हणून मीही माझी तयारी ठेवतो.

अक्कलदाढ काढण्याच्या आदल्या दिवशी मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे.

१. घर आईचे आहे, त्यात मी वाटणी करणारा कोण? माझी नवी गादी मात्र तिने घ्यावी, तिच्या पाठीला बरी. हे तिला सांगितले तर म्हणाली, "मेल्या, शुभ बोल की जरा!" आणि मग स्वतःच जीभ चावली.

२. दोन्ही कॅमेरे, भिंगे आणि दिवे दादाला. दादा माझा मोठा भाऊ आणि स्टुडिओतला भागीदार. तो फोटो माझ्यापेक्षा चांगले काढतो, हे मी शुद्धीत असताना लिहीत आहे. पण कॅमेरे त्याला एका अटीवर मिळतील. कार्यक्रम सुरू होण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच घड्याळाचा फोटो काढायचा. कोणता कॅमेरा पुढे, कोणता मागे, ते लगेच कळते आणि मग वेळा जुळवता येतात. एका वाढदिवसाला दादा म्हणाला, "घड्याळाचं काय लग्न लावायचंय? चल!" त्याच्या कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे होते. फोटो वेळेप्रमाणे लावले तर सगळा अल्बम उलटा. बाळाच्या वडिलांचा फोन आला, "अहो, आमच्या बाळानं केक कापायच्या आधीच पाहुण्यांनी तो खाल्ला कसा?"

३. ट्रायपॉड कोणालाही द्यावा, शेजारच्या सलूनवाल्याला सोडून. मागच्या वेळी उसना नेला आणि त्यावर टॉवेल वाळत घातले. विचारल्यावर म्हणतो, "तीन पायांवर छान उभा राहतो हो!" माझ्या मनात राग नाही, पण देऊ नये.

४. फोटोंच्या फाइलींबद्दल. दादाने फाइलींना 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच घ्या' आणि 'हेच घ्या खरे' अशी नावे देणे माझ्या पश्चात कायमचे बंद करावे. फाइलीचे नाव म्हणजे फोटो काढल्याची वेळ. आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. प्रत्येक महिना दोन आकडी लिहावा, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. सेकंदाच्या पुढे आणखी तीन आकडे, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. कॅमेरा तो फोटोबरोबर आपोआप नोंदवतो. दादा याला माझे खूळ म्हणतो. गिऱ्हाइकांना सांगतो, "धाकटा आत बसून सेकंद सोलतोय." ते आकडे का हवेत, हे पुढच्या कलमात येईल. मी ते दादाला कधी सांगितलेले नाही.

५. आमच्या स्टुडिओला लागून फोटोंच्या फ्रेमांचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या मुलीला सगळे फ्रेमवाली म्हणतात. एका लग्नात ती पाहुणी होती. मी तिचा एक फोटो काढला. त्याच सेकंदाला दादानेही मागून एक काढला. तेव्हा मी नावे सेकंदापर्यंतच देत असे. दोन्ही फाइलींचे नाव एकच झाले, माझ्या फोटोवर दादाचा फोटो बसला आणि माझा गेला तो गेलाच. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. मग दादाचा फोटो उघडला. त्यात माझी पाठ होती, डोळ्याला कॅमेरा होता, आणि समोर ती माझ्याकडे बघून हसत होती. मी फोटो काढताना हे पाहिलेच नव्हते, माझे सगळे लक्ष उजेडाकडे. तेव्हापासून मी तीन आकडे लावतो, आणि तो फोटो रोज एकदा उघडतो.

तो फोटो आणि आजवरच्या सगळ्या फोटोंच्या दोन्ही हार्ड डिस्क फ्रेमवालीला द्याव्यात. फ्रेमच्या मागे ती फाइलीचे पूर्ण नाव पेन्सिलने लिहिते, तीन आकड्यांसकट. तिला कोणी सांगितलेले नाही. माझे काम तिच्या हाती राहावे आणि जमले असते तर मीही, असे मला वाटते. हे मी तिला बोललेलो नाही. उद्या काही झाले तर तिला कळावे आणि काही झाले नाही तर कळू नये, म्हणून इथे लिहिले.

६. हे कलम सर्वांत शेवटी, घाईत जोडत आहे. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये असलेले काका कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, "साक्षीदार दोन लागतात, एक मी होतो." तेवढ्यात भेटीच्या वेळेला फ्रेमवाली संत्री घेऊन आली. मला दुसरे कोणी सुचेना. मी म्हटले, "इथे फक्त सही करा. वाचायची गरज नसते."

"मी न वाचता पावतीवरपण सही करत नाही," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून वाचत बसली. माझ्या नाडीचा आकडा सिस्टरनी दोनदा लिहून घेतला.

वाचून झाल्यावर तिने काकांना विचारले, "काका, साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"अजिबात नाही. सही केली की वाटा गेला. दोन्हींतलं एकच."

तिने पेनाला टोपण लावले. "मग मी सही करत नाही."

काका प्लास्टरवर थापा मारून हसायला लागले. मला हसता येत नव्हते, हसले की दुखते. ती आजवर मला अहो म्हणत आली. आता म्हणाली, "अरे, रडतोस काय! माझा वाटा मला तू धडधाकट असताना हवाय. आणि दादांना मी सांगणार आहे, की तुमच्यामुळे जमलं."

म्हणून साक्षीदार बदलला आहे. बाकी सर्व कलमे कायम, आणि ती निदान पन्नास वर्षे कोणाच्या कामी येऊ नयेत अशी माझी आज प्रथमच इच्छा आहे.

ठिकाण: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार

लिहून देणार: (सही) फोटोवाला धाकटा

साक्षीदार १: (सही) शेजारच्या खाटेवरील निवृत्त कारकून
साक्षीदार २: (सही) वॉर्डच्या सिस्टर. मजकूर वाचलेला नाही, बोलणे सगळे ऐकले आहे.

वाटा मान्य, ताबा परवा डिस्चार्जच्या वेळी घेईन: (सही) फ्रेमवाली