एरेंदिराचं पत्र

१८ डिसेंबर

माफ कर वही, फार उशिरा उघडली. नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणानंतर एक अक्षर लिहिलं नाही. डोळ्यांना पाणी येतं. आणि माझी लेक ओब्दुलिया येऊन गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

ती सणाला चार दिवस आली होती. जाताना म्हणाली, "बाबा, एरेंदिरा आठ वर्षांची झाली. तिला तिहुआनाला माझ्याकडे न्यायचंय मला. पण ओढून नाही नेणार. ती स्वतःहून ये म्हणाली की येते." पोर आईच्या पिशवीचा बंद धरून उभी होती. तेव्हापासून रोज तिच्या तोंडाकडे बघतो — आज म्हणते की उद्या.

ती गेली तर या घरात मी आणि कोंबड्या.

२० डिसेंबर

मोरेलिया शहरातून कॉलेजची पोरं येणार आहेत. लोकांकडून खेळणी गोळा करून आमच्या मुलांना वाटणार म्हणे. आम्ही काय भिकारी आहोत?

शाळेतली बाई घरोघर फिरली. उंटांवरून खेळणी घेऊन येणाऱ्या तीन राजांना प्रत्येक मुलानं पत्र लिहायचं आणि तिच्याकडे द्यायचं. ती ते शहरात पाठवणार. म्हटलं, "राजांचं पत्र फुग्याला बांधून टेकडीवरून सोडायचं असतं. परक्याच्या पिशवीत घालायचं नसतं."

"फुगे तारांत अडकतात, अबुंदियोकाका."

उत्तर तयारच असतं हिच्याकडे.

२२ डिसेंबर

पत्र मी लिहिलं. एरेंदिराला म्हटलं, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं, शहरातले हसतील. तू सांग, मी लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे. तिसरीपर्यंतच शिकलो, पण मास्तर माझी पाटी वर्गाला दाखवायचे.

ती चुलीशी बसून सांगत होती. "प्रिय राजांनो, मी वर्षभर नीट वागले. मला मातीची भातुकली पाहिजे, तव्यासकट. आणि मला आईकडे जायचंय. पण आजोबांना वाईट वाटेल असं नको."

हात थांबला. म्हटलं, "पुढे?"

"एवढंच."

मी लिहिलं: आमच्या घरी सगळं आहे. मला काही नको. गरजूंना द्या. — एरेंदिरा.

आईचं एक सोडून भातुकली तरी लिहायची होती. तीही लिहिली नाही. पाकीट लगेच चिकटवलं. तिला वाचता येतं.

२३ डिसेंबर

बाई पाकीट घेऊन गेली. बरं झालं.

३१ डिसेंबर

गुडघा धरलाय. छपराची दोन कौलं सरकली. पोर विचारते, "आजोबा, राजांनी वाचलं असेल ना?" म्हटलं, त्यांना काय तेवढाच उद्योग आहे?

४ जानेवारी

आले एकदाचे ते कॉलेजवाले. सगळ्यांचे पिवळे सदरे. राजे सहा तारखेला यायचे, हे आज आले — का, तर सोमवारी त्यांची परीक्षा. तिघांनी कापसाच्या दाढ्या चिकटवलेल्या. एक राजा च्युइंगम चघळत होता. शेजारची चोले म्हणाली, "उंट कुठे बांधले रे? की तेही परीक्षेला बसलेत?" मला हसू आलं नाही.

रेनाता नावाची मुलगी त्यांची म्होरकी. ती एकेकाचं नाव पुकारायची आणि पत्र मोठ्यानं वाचायची. सगळ्यांसमोर! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उठून जावं तर एरेंदिरानं माझी बाही धरलेली.

तिचं नाव आलं. ती पुढे गेली, दोन्ही हात ओंजळीसारखे करून. रेनातानं वाचलं. टाळ्या पडल्या. "इतक्या पत्रांत हिनं एकटीनं काही मागितलं नाही," म्हणत त्या मुलीनं डोळे पुसले. पोरीला जवळ घेऊन फोटो काढला. ओंजळीत एक दात घासायचा ब्रश ठेवला.

चोले मागून म्हणाली, "काय अबुंदियो, पुढच्या वर्षी राजांनी तुमच्याच दारात यायचं का मागायला?"

मला राहवलं नाही. पुढे जाऊन म्हटलं, "पोरांची पत्रं चारचौघांत वाचता, लाज वाटत नाही? न्या ती खेळणी परत. तुमचे फोटो झाले ना काढून?"

रेनाताही कमी नाही. "आजोबा, ओरडू नका, मुलं घाबरतात. आणि एक विचारू? हे पत्र हिनंच लिहिलंय ना? अक्षर मोठ्या माणसाचं वाटतंय."

अख्खं गाव माझ्याकडे बघायला लागलं.

"मीच लिहिलंय," एरेंदिरा म्हणाली. ब्रशकडे बघत.

६ जानेवारी

राजांनी रात्री खाऊ भरावा म्हणून मुलं दाराशी बूट ठेवतात, तिनं ठेवलाच नाही. मीच तिचा बूट ठेवला, त्यात संत्री आणि शेंगा भरल्या. सकाळी तिनं संत्री काढून टेबलावर रांगेत मांडली, शेंगा वाडग्यात ओतल्या, बूट पायात घातला आणि दळण घेऊन गिरणीवर गेली.

९ जानेवारी

कामापुरतं बोलते. "तवा तापला." "कोंबड्या कोंडल्या." त्या पिवळ्या सदऱ्यांचं वाटोळं होवो. चोलेनं फोनवर तो फोटो दाखवला. खाली कुणीतरी लिहिलंय, किती गोड हसतेय. आंधळे आहेत सगळे.

१२ जानेवारी

आज विचारलंच. "तू लिहिलंस असं का म्हणालीस?"

मका निवडत होती. मान वर केली नाही. "सगळे तुम्हाला हसले असते."

"आणि तुला राग नाही आला?"

"आला ना."

१४ जानेवारी

चोलेकडे फोन मागायला गेलो. मीठ मागून परत आलो.

१९ जानेवारी

सकाळी सातच्या बसनं दोघी गेल्या. पंधरा तारखेला फोनवर ओब्दुलियाला सांगितलं होतं, पोर ये म्हणते. ती म्हणाली, "कधी म्हणाली?" म्हटलं, बावीस डिसेंबरला. सांगायला मी उशीर केला. फोन ठेवून ती लगेच निघाली. दोन दिवसांचा रस्ता आहे. पोचलात की कळवा. चोलेच्या फोनवर कळवा, मी तिच्या ओट्यावरच बसलोय. लवकर कळवा.