चाळीस सूर्योदय

७ मार्च

पोचलो! यान अंतराळस्थानकाला लागलं तेव्हा कुणी दाराला खांदा मारावा तसा एकच धक्का बसला. अर्धा तास गळती तपासून सावेली मात्वेयेविचनी दार उघडलं. ते कमांडर, तिसऱ्यांदा आलेले. मी तिखोन, लाडाने तिशा, आठवी शिकलेला फिटर, पहिल्यांदाच. मागच्या जोडीने जाताना रिवाजाप्रमाणे टेबलावर आमच्यासाठी पाव आणि मीठ बांधून ठेवलं होतं. पाव दगडासारखा झाला होता, तरी मी तीनदा घेतला. सावेली मात्वेयेविच म्हणाले, तिशा, तुला पंप दुरुस्त करायला आणलंय, घर खाऊन टाकायला नाही. खिडकीतून पूर्ण व्होल्गा दिसली, मुखापर्यंत. आईला सांगण्यासारखं खूप आहे.

८ मार्च

जेवताना त्यांनी तिसरं पान मांडलं. पाण्याची पिशवी, तिच्यावर काळ्या पावाचा तुकडा रबराने अडकवलेला. दानिलासाठी. यानात बैठका दोनच, आणि दुसरी त्याची होती. चोवीस फेब्रुवारीला तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, बर्फ फुटला. म्हणून राखीव असलेला मी आलो. मेलेलं माणूस चाळीस दिवस आपल्यांतच असतं, तोवर त्याचं पान मांडायचं, मग निरोप द्यायचा, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. पण ते पान समोर असताना मला जेवता येईना. मी हिशेब मांडला. आम्ही निघेपर्यंत जमिनीवरचे दहा दिवस झाले होते. इथे वर सूर्य दिवसाला सोळा वेळा उगवतो, म्हणजे उरलेले तीस दोन दिवसांत सरले, चाळीस आजच भरले.

सावेली मात्वेयेविच पोट धरून हसले. फिटर आहेस की पाद्री, म्हणाले. पण पान उचललं. निरोपाचे शब्द मी बोललो, जरा घाईनेच.

१२ मार्च

पंप चालू झाला. श्वासाने बिघडलेली हवा शोषून घेणारा डबा दोन माणसांना सहा दिवस पुरतो. तो आज संपला. चार दिवसांत. डब्यावरची तारीख दोनदा पाहिली. खालच्यांनी, जमिनीवरच्या केंद्राने, रेडिओवर विचारलं, फार व्यायाम करता का? आम्ही दोघंही करत नाही. चार दिवस तो तीन माणसांना पुरतो.

१५ मार्च

बैठकीची तपासणी. प्रत्येकाच्या पाठीवर प्लास्टर ओतून त्या मापाचा साचा करतात. साचा नीट बसला नाही तर उतरतानाच्या आदळण्याने कणा मोडतो. माझ्या साच्यात आडवा झालो. खांद्यांना चार चार बोटं जागा उरली. मी बारीक झालेलो नाही, टेप लावून पाहिलं. दानिला रुंद होता. साच्यामागे नाव माझंच आहे. म्हणजे काल होतं. आज तिथे खरवडल्यासारखं –

१७ मार्च

त्याचे खरे चाळीस दिवस चार एप्रिलला भरतात. मी त्याला मध्येच हाकललं. आणि इथून बाहेर जायला वाट नाही. ना त्याला, ना मला.

म्हणून आज मी स्वतः तिसरं पान मांडलं. सावेली मात्वेयेविचनी पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं केलंस दानिला. तिशाची आठवण ठेवलीस."

मला वाटलं थट्टा. ते थट्टा करत नव्हते.

१९ मार्च

हवा बिघडते आहे. खालच्यांचा हुकूम, उद्या दुपारी परत निघा. दोघांची नावं वाचून दाखवली. माझं नव्हतं. मी रेडिओवर ओरडलो. त्यांनी कमांडरना विचारलं, तुमच्याकडे खरखर कसली येते आहे?

मी यानाच्या दाराशीच राहणार. हलणार नाही. बैठका दोन आहेत.

२० मार्च, सकाळ

हललो नाही. जेवलो नाही. सावेली मात्वेयेविच माझ्यासमोरून गेले – धक्का लागला नाही – पट्टे तपासून परत आले. गुणगुणत होते. त्यांच्यामागून आणखी कुणीतरी –

२० मार्च, दुपार

डोळा लागला. एवढासाच. दार बंद.

पलीकडे आवाज येतात. सावेली मात्वेयेविच म्हणतात, दानिला, खांद्याचा पट्टा ओढ, ढिला आहे. खालच्यांना सांगतात, दोघंही जागेवर.

दार ठोकतो आहे. पान्याने. अर्धा तास गळती तपासतील, तेवढाच वेळ –

थांबले. दाराजवळ आले. ऐकलं त्यांनी! अगदी हळू म्हणाले, "तिशा, बाळा, तू गेलास रे. आता आम्हाला जाऊ दे."

मी गेलेलो नाही. लिहितो आहे ना. मनगट धरलं, घड्याळ समोर ठेवलं. एक पूर्ण मिनिट. बोट चुकीच्या जागी असेल. मानेवर पाहतो. पुन्हा एक मिनि–