विचारलं तरच सांगायचं

पण अण्णा, तो गोल नव्हताच, हे मी आजही म्हणणार. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, भांडायला समोर कोणी उरलं नाही, तरी म्हणणार. कोपऱ्याच्या झेंड्याजवळ मैदान आखायच्या फक्कीचा डबा मांडीत घेऊन तुम्ही बसला होता. आपल्या गोलकीपरनं चेंडू अडवला तो तुमच्या डोळ्यांसमोर. पंचानं शिट्टी मारली, समोरच्या पेठेनं गुलाल उधळला, आणि मी पायऱ्यांवरून घसा फाटेपर्यंत ओरडत होतो, "अण्णा, सांगा की त्यांना." तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. तेवढंच केलंत. सगळ्या कोल्हापुरात तुमच्याएवढ्या जवळून ते कोणी बघितलं नव्हतं, आणि तुम्ही झाकण लावत बसलात.

त्या रात्रीचं जेवण मला लख्ख आठवतं. आई तव्यावरची भाकरी ताटात टाकते आणि मी ताट सरकवतो. "भ्यालात तुम्ही," मी म्हणतो. आईचा हात तिथंच थांबतो. तुम्ही घास गिळून सावकाश म्हणता, "फक्की मारणाऱ्यानं रेघ मारायची. निकाल द्यायचा न्हाई. कुणी विचारलं तर सांगायचं." "आणि न्हाई विचारलं तर?" "तर जेवायचं," असं म्हणून तुम्ही आमटी ओतून घेतलीत. मी उठलो तेव्हा पाठीमागून आलं, "तोंड चालतंय म्हणून तुझा हात चालत न्हाई, लेका." ते मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. पुढच्याच महिन्यात मास्तरांशी वाद घालून मी नववी सोडली. मग गॅरेज सोडलं, मग पुण्यातली दोन हॉटेलं. सगळीकडे कारण एकच, मला गप्प बसता येत नव्हतं. तंदूर तेवढा जमला, कारण त्या भट्टीपाशी बोलत उभं राहिलं की रोटी करपते.

त्या तंदूरनंच मला इथं आणलं. कुकचा व्हिसा, ब्योब्लिंगेन हे जर्मन गाव, पंजाबी पाजींचं हॉटेल. दुपारी अडीचला शटर खाली, साडेपाचला परत तंदूर. मधले तीन तास खोलीत बसवत नाही, म्हणून मी गावभर फिरायचो. असाच फिरताना एका रविवारी शेजारी शेजारी दोन मैदानं दिसली. एकावर फुटबॉल. दुसऱ्यावर पोरं लाकडी दांडकं घेऊन उभी. मी आधी फुटबॉलकडेच वळलो, तुमचाच मुलगा आहे शेवटी. पण पाय परत पलीकडे ओढायला लागले.

आमच्या हॉटेलात जवळच्या लष्करी छावणीतले अमेरिकन जेवायला येतात. ऑक्टोबर लागला की त्यांची डोकी फिरतात, कारण बेसबॉल संपत आलेला असतो आणि फुटबॉल भरात आलेला असतो. त्यांचा फुटबॉल म्हणजे नारळासारखा चेंडू काखेत मारून पळायचं, पायाचा संबंध बेताचाच. बटर चिकन निवत जातं आणि हे भांडत बसतात, कुठला खेळ मोठा. मला विचाराल तर सांगतो, अण्णा. फुटबॉल आपला असो की त्यांचा, घड्याळावर चालतो. पुढं असलात तर चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढता येतो, आपल्या पेठेनं कितीदा काढलाय. बेसबॉलला घड्याळच नाही. शेवटचा गडी आउट होईपर्यंत खेळ संपत नाही, आणि समोरच्याला त्याची पाळी द्यावीच लागते. मी आयुष्यात कुठं शेवटपर्यंत थांबलो नव्हतो. तिथं थांबलो.

तीन मोसम थांबलो. पहिल्या वर्षी नुसता बघत होतो, दुसऱ्या वर्षी त्या दांडकेवाल्या पोरांच्या टेबलाशी जाऊन बसायला लागलो. प्रत्येक मॅचची नोंद कागदावर ठेवावी लागते आणि ते करणाऱ्यानं परीक्षा दिलेली असावी लागते. त्या कामाला कोणी तयार नसतं, सगळ्यांना खेळायचं असतं. त्यांचा कोच शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला, "तू नाहीतरी येतोसच, तूच लिही." मी म्हटलं, माझी शाळा नववीपर्यंत. तो म्हणाला, "मग काय, इथे खेळाडूही नऊच असतात."

श्टुटगार्टला पीएचडी करणारे पुण्याचे एक दादा दर शनिवारी आमच्याकडे जेवायला येतात. त्यांनी ते जर्मन नियमांचं पुस्तक मला मराठीत वाचून दाखवलं. प्रत्येक खेळाडूसमोर चौकटी, चौकटीत तिरका चौकोन. "अरे, ही तर शंकरपाळी," दादा म्हणाले. एकेक धाव म्हणजे एकेक भरलेली शंकरपाळी. परीक्षा पास झाल्याचा कागद दाखवला तर म्हणतात, "नववी नापास ना रे तू?" "नापास नाही, सोडलेली." "गेनाऊ, बरोब्बर. सोडलेली," आणि वर चहा मागवला. त्या पुस्तकातला एक नियम मी त्यांना तीनदा वाचायला लावला होता. गडी ठरलेल्या क्रमानेच खेळायला यायला हवेत. चुकीचा गडी येऊन खेळून गेला आणि समोरच्यांनी पुढचा चेंडू पडायच्या आत पंचाकडे तक्रार केली, तर ज्याची पाळी होती तो आउट आणि झालेल्या धावा रद्द. चेंडू पडला की चूक माफ. आणि नोंद ठेवणाऱ्यानं हे दिसलं तरी कोणाला सांगायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. पंचानं विचारलं तरच सांगायचं. दादा तिसऱ्यांदा वाचून थांबले आणि म्हणाले, "काय झालं? रडतोयस का?" मी म्हटलं, कांदा चिरून आलोय.

आणि मागच्या रविवारी तो नियम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मोसमातली शेवटची मॅच. हरलो तर आमची टीम खालच्या लीगमध्ये जाणार, आणि कोच आधीच म्हणाला होता, खाली गेलो तर निम्मी पोरं सोडतील, पुढच्या वर्षी टीमच उभी राहणार नाही. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढं, समोरच्यांचे दोन आउट, दोघं वाटेतल्या थांब्यांवर धावायला तयार. एक आउट मिळाला की मॅच आमची. पाळी त्यांच्या पाच नंबरची. तो बाकावर मनगटाला बर्फ बांधत बसला होता. सहा नंबरचं पोर तीनदा उठलं, तीनदा बसलं, आणि मग सरळ दांडकं उचलून मैदानात आलं. मला त्याच्यात मीच दिसलो. दिसलं मला, अण्णा. तुम्हाला दिसलं होतं तितक्या जवळून दिसलं. मी जीभ दाताखाली धरली. त्यानं दुसऱ्याच चेंडूला असा तडाखा दिला की थांब्यांवरचे दोघंही घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, पोचले आणि दोन धावा झाल्या. आम्ही एका धावेनं मागं. शेजारच्या फुटबॉलवाल्यांनीसुद्धा माना वळवल्या. आमच्या पोरांनी डोकी खाली घातली, कोच पाठ फिरवून उभा, आणि त्यांचा पुढचा गडी दांडकं झुलवत येतोय. एक चेंडू पडला की सगळं कायम. माझ्या तोंडात पाच नंबरचं नाव होतं. मी खाली बघितलं आणि सहा नंबरसमोरच्या चौकटीत जे घडलं ते लिहिलं, पाच नंबरची चौकट कोरी ठेवली, आणि पेन खाली ठेवलं. अक्षर बिघडू दिलं नाही.

तेवढ्यात दांडकेवाल्यामागं चेंडू झेलणाऱ्या आमच्या कीपरनं हात वर केला, "टाइम." तो पूर्वी छावणीत होता, इथल्या मुलीशी लग्न करून राहिलाय. तो त्या बर्फवाल्याकडे बघत कोचच्या कानाशी लागला. कोच पंचाकडे गेला. पंच माझ्या टेबलाकडे आले. सगळं मैदान माझ्या टेबलाकडे बघतंय. पंचांनी विचारलं, "पाच नंबर खेळला का?" "नाही." "कोण खेळला?" "सहा नंबर." "नक्की?" मी कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांचा कोच स्वतःची वही घेऊन धावत आला, तिच्यात त्या जागी नुसती गिचमीड. त्यानं माझ्या कागदावर बोट ठेवून एकेक शंकरपाळी मोजली, वही मिटली आणि म्हणाला, "स्वच्छ लिहिलंय." पंचांनी मूठ वर केली. पाच नंबर आउट, धावा रद्द, मॅच संपली. आम्ही जिंकलो.

पोरांनी मला खुर्चीसकट उचललं, अण्णा. बिअर डोक्यावर ओतली, कोच माझा हात सोडेना. मी आधी बोललो असतो तर पाच नंबर नुसता उठून आपल्या जागी आला असता, आणि त्यानं काय केलं असतं कोणाला ठाऊक. मी पाच-पंचवीसला तंदूरपाशी हजर. पाजींनी वास घेतला, मी काय झालं ते सांगितलं, तर त्यांनी शिव्या द्यायच्या ऐवजी मला बाहेर नेऊन त्या अमेरिकनांसमोर उभं केलं. सगळ्यांत आडदांड होता तो उठला, हात मिळवला आणि म्हणाला, कागद बघायला मिळेल का. तेल लागू नये म्हणून तो कागद बाजूला ठेवून त्यांनी नान खाल्ले.

मला विचारलं, अण्णा. तुम्हाला त्या दिवशी कोणी विचारलंच नाही, हा एवढाच फरक. इतकी वर्षं मी तुम्हाला भित्रा म्हणत आलो. आणि अजून एक आहे. त्या मॅचच्या सकाळी गोलाची रेघ मारताना सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. टीमा आल्या म्हणून मी ते मधेच सोडून पळालो. रेघ मैदानाच्या बाजूला वाकली ती तिथंच. पंचानं ती रेघ बघून गोल दिला. तुम्हाला ती वाकलेली दिसली असणार, आणि कुणामुळे तेही. विचारलं असतं तर तुम्हाला माझं नाव सांगावं लागलं असतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार. आईला नेहमीचे पैसे गेलेत. आता तुमच्या मैदानावर रेघा मारणाऱ्यांना तिच्या हातून वेगळे देतोय, चांगली फक्की आणि न सुटणारी नायलॉनची दोरी घ्यायला, पन्नास युरो.