माझी शेवटची अंघोळ

मी, ओरो याकोव्ह बेहार, निवृत्त शिक्षिका, राहणार रुसे, डान्यूबकाठी, हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठीक आहे. बाकी सगळं दमलंय.

एक. भाचा आल्बर्ट हैफाला असतो. त्याला माझ्या वडिलांचं घड्याळ आणि बँकेत उरेल ते. फोन फक्त नववर्षाला करतो, तोही घाईत. दोष देत नाही, घड्याळ देते.

दोन. इथल्या ज्यू समाजाचे अध्यक्ष निसिम काल्देरोन यांना काहीही देऊ नये. आमच्या गुरुवारच्या वर्गाला ते 'बायकांचा गप्पांचा अड्डा' म्हणाले होते. आम्ही धर्मग्रंथाचं एक पान वाचतो आणि त्यात जी बाई गप्प बसलीय, तिच्या तोंडून लिहितो. मला तरी देव तिथेच जरा जवळ वाटला.

तीन. आमच्यात मेलेल्या बाईला बायकांनीच धुवायचं, पांढरं सुती नेसवायचं आणि शेवटी तिचं नाव घेऊन माफी मागायची. मागचा हिवाळाभर वर्गात ह्यावरच लिहिलं. सोफीनं तर मढ्याच्या तोंडून लिहिलं, सगळ्या रडलो. मग वर्गातली पेर्ला मावशी खरंच गेली. सोफीची पाठ धरली, रेनाकडे पाहुणे आले, विझाचा फोन बंद. मी एकटीनं धुतलं. एकटीला देह कुशीवर वळवता येत नाही. शेवटी दफनवाल्याच्या बायकोनं दया येऊन हात लावला.

म्हणून वर्ग भरतो ते माझं राहतं घर, वर्गातल्या ज्या बायका मला धुवायला येतील, त्यांच्याच नावे.

इथवर नोटरीबाईंना वाचून दाखवलं. साक्षीला विझा आली होती, ती उसळली.

"ओरोताई, मजुरी देतेस होय मला?"

"मग फुकट तरी कुठं आलात गं?"

"घाबरले होते. सांगायची लाज वाटली, म्हणून फोन बंद केला."

नोटरीबाई मध्येच विझाला म्हणाल्या, "बाई, साक्षीदाराला ह्या घरात वाटा मिळणार नाही हं. सहीआधी विचार करा."

"मग तर द्याच पेन. मेलेलं माणूस उपकार फेडू शकत नाही, म्हणून हे काम सगळ्यांत मोठं, असं हीच शिकवते. आणि आता स्वतः मरायच्या आधीच फेडून मोकळी होतेय!"

मी कागद पुन्हा पुढ्यात ओढला आणि पुढचं लिहिलं.

चार. कलम तीनमधली अट रद्द. घर वर्गाला. येतील त्यांचं, न येतील त्यांचंही.

पाच. हात लावताना कुणाला भीती वाटली, तर वाटू द्यावी. विझाला डोक्याकडे उभं करू नये, चेहरा दिसतो. पायांकडे ठेवावं.

वर लिहिलेलं माझं आहे, वाचून, समजून सही करते.

ओरो याकोव्ह बेहार
रुसे, ११ फेब्रुवारी २०१९

साक्षीदार:
स्तोयान देनेव्ह, शेजारी
विझा मोर्देखाय पापो. मी डोक्याकडेच उभी राहीन.