नऊ किलोचा पैलवान

प्रिय आई,

तू जाऊन तीन आठवडे झाले. आज राजारामपुरीत जनावरांच्या डॉक्टरांकडे तुझ्या बोक्याचं, पैलवानाचं वजन केलं. नऊ किलो. विमानात मांजर पायाशी ठेवायचं तर पिशवीसकट आठ किलोच चालतात. म्हणजे तो खाली सामानाच्या कप्प्यात जाणार. एकटा, जर्मनीपर्यंत. ओरडायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुला लिहिते.

शेजारच्या शांताक्का सांगत होत्या, "रोज दोन अंडी, वर साय. म्हनायची, परमुलखात जानार, पोरगं रोडकं दिसाय नको."

आणि ती स्वतः, मी विचारलं.

"अर्धी भाकरी. तीबी मी म्होरं बसले तर."

मलाही तू असंच पाठवायचीस. निघायच्या आधी आठवडाभर ताट रिकामं होऊ द्यायची नाहीस. पण मला वजन करून कुणी खालच्या कप्प्यात घातलं नाही, आई.

वजन झाल्यावर डॉक्टरांनी पैलवानाची फाईल हातात दिली. चिप, लस, महिन्यानं रक्ताची तपासणी, त्यानंतर तीन महिने थांबणं. सगळं पुरं झालेलं. हे कधी केलं, मी विचारलं.

"मार्चपासून चालू होतं. हुपरीहून एसटीनं यायच्या, मांडीवर टोपली घेऊन. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, माझं काय खरं न्हाय डॉक्टर, ह्याचं तेवढं लेकीकडं जायचं बघा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मांजराच्या डॉक्टरांना माहीत होतं.

मे महिन्यात मी आले होते. तू समोर बसून पैंजणाच्या कड्या जोडत होतीस. एवढी का वाळलीस, मी म्हटलं. "उन्हाळा हाय की." दर रविवारी फोनवर विचारायचे. "मला काय धाड भरलीया?" वर हसायचीस. कसं जमलं तुला?

परदेशी जाणाऱ्या मांजराला किती थांबावं लागतं, हे तू चार ठिकाणी विचारून शोधलंस. मला एक महिना आधी सांगितलं असतंस, तर रजा टाकून आले असते. की म्हणूनच नाही सांगितलंस? माझी नोकरी तुझ्यापेक्षा मोठी, हे ठरवणारी तू कोण?

फाईलमधल्या अर्जावर सोबत नेणाऱ्याचं नाव लिहायची ओळ आहे. तिथं माझं नाव. अक्षर तुझं. मला न विचारता.

शांताक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की माझ्याकडं." मी नाही म्हटलं. परवा निघतो आम्ही. पिंजऱ्यात तुझी न धुतलेली साडी अंथरली आहे. तो तिच्यावर बसतो आणि दार ओरबाडतो.

एक ठरवलं आहे. तिथं त्याचं काही दुखलं आणि शांताक्कांनी फोनवर विचारलं, तर दुखतंय असंच सांगेन. माझं दुखलं, तरीही.

अजून रागावलेली,
तुझी अश्विनी