भरपाई बोटांची, काम तुझं

माय, कापसाच्या जिनातल्या रेच्यानं, सरकी काढायच्या त्या यंत्रानं, तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली तेव्हा मी सातवीत होते. महिन्याभरानं तू दवाखान्यातून घरी आलीस आणि दुसऱ्याच दिवशी मालकाचे दिवाणजी कागद घेऊन दारात उभे राहिले. "अंगठा लाव बाई, भरपाई घे, आन् आता घरी आराम कर." तू डावा हात पदराखाली घेतलास. म्हणालीस, "पोरीले वाचू द्या आधी." मी वाचलं. भरपाईच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की यापुढे तू जिनातल्या कामावर हक्क सांगणार नाहीस. "म्हंजे हे पैसे बोटायचे का कामाचे?" तू विचारलंस. दिवाणजी हसले. तू हसली नाहीस.

सोमवारी आपण मोटारीनं बुलढाण्याला गेलो, कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत. तू बाकावर ताठ बसली आहेस, पट्टी बांधलेला हात मांडीवर. साहेब डॉक्टरांचा दाखला वाचतात, "अंशतः कायमचं अपंगत्व." तू माझ्याकडे वळतेस. "अंशतः म्हंजे काय व?" "थोडं," मी म्हणते. "मंग बाकी तं मी साबूत हावो ना!" साहेब दाखला खाली ठेवतात. "बाई, भरपाई ही झालेल्या इजेची असते. ती मिळवायला काम सोडून द्यावं लागत नाही." परतीच्या वाटेवर ते वाक्य तू माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंस, पाठ होईपर्यंत.

मालकासमोर तू ते जसंच्या तसं म्हटलंस. तो म्हणाला, "पण या हातानं करशील काय?" तू तिथंच कापसाच्या ढिगाशी बसलीस आणि डाव्या हातानं पिवळी पडलेली कवडी, किडका कापूस, भराभर वेचून बाजूला काढलीस. "पाहा, एक तरी राह्यली काय?" त्यानं ढीग चाळून पाहिला. मग दिवाणजींना नवा कागद करायला सांगितलं, ती बारीक ओळ गाळून. हंगाम सुरू झाला त्या सकाळी तू फाटकातून आत गेलीस तेव्हा बाया हातातलं काम टाकून उठल्या होत्या. पुढं सुलतानपूरच्या एका बाईचा हात रेच्यात सापडला, तर तिला घेऊन बुलढाण्याला तूच गेलीस. साहेबांच्या आधी तूच तिला कायदा सांगितलास म्हणे.

मीही पुढं नोकरी केली, कितीतरी परिपत्रकं वाचली. तुझ्याइतकं सरळ कुणी काही समजून घेतलेलं मी पाहिलं नाही.

आता तू नाहीस, हे पत्र कुठं टाकणार? माझ्याजवळच राहील. फक्त एक कबूल करते, जे तुला कधी सांगितलं नाही. तू कामावर परतलीस त्याच वर्षी शाळेच्या फॉर्मवर आईचा धंदा लिहायचा होता. मी 'घरकाम' लिहिलं.